४२ नंबर

आमची अमेरिकेतली नात गेल्या महिन्यात चार वर्षांची झाली. व्हिडिओ कॉलवर केक कापला गेला तेव्हा तिच्या अंगात नानीने पाठवलेला जरीचा फ्रॉक नव्हता. गुडघ्यापर्यंत येणारा निळा स्वेटशर्ट होता आणि त्याच्या छातीवर मोठा पिवळा ‘एम’. "अगं, वाढदिवसाला हे काय घातलंस?" नानीने विचारले. नात मूठ वर करून ओरडली, "गो ब्लू!" आणि तिच्या मागे उभे असलेले आमचे जावई भलतीकडे बघू लागले.

या सदरात आम्ही खेळाच्या वेडावर एक-दोनदा चांगलेच कोरडे ओढलेले आहेत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. ते आम्ही मागे घेत नाही. पण २०२१ सालच्या डिसेंबरात मिशिगन राज्यातल्या एका तळघरात आम्ही जे पाहिले ते कधीतरी सांगायचे होते. स्वेटशर्टच्या निमित्ताने आज सांगतो.

करोनामुळे बंद असलेले दार अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी त्या वर्षी ८ नोव्हेंबरला उघडले. मुलीचे दिवस भरत आले होते. तिकिटांचे दर काळजात धस्स होण्यासारखे, तरी आम्ही दोघे पोहोचलो. डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटन म्हणून उपनगर आहे, तिथे त्यांचे घर. जावई कोल्हापूरचे, आमच्याच गल्लीतले म्हणा ना. इथे इंजिनियरिंग, मग तिकडे ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात एमएस, आता मोटारींच्या धंद्यात नोकरी. पाच वेळच्या नमाजाचा माणूस, शांत, सासू-सासऱ्यांसमोर आवाज न चढवणारा. आमचा हा समज शनिवारपर्यंत टिकला.

आता थोडे त्या खेळाविषयी सांगावे लागेल. अमेरिकेतला फुटबॉल हा पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चेंडू नारळासारखा लांबट. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर लाथ मारून एक. विद्यापीठांचे संघ गटागटाने खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मिशिगनचा गट ‘बिग टेन’, १८९६ सालचा. नावात दहा, पण २०२१ साली सभासद चौदा होते आणि आता अठरा आहेत. एवढ्या विद्यापीठांत मोजता येणारे कुणी नाही का, असे आम्ही जावयांना विचारले. ते हसले नाहीत. त्यावरूनच आम्ही ओळखायला हवे होते.

ॲन आर्बरचे स्टेडियम आम्हाला बाहेरून दाखवण्यात आले. १,०७,६०१ माणसे बसतात. गावाची वस्तीच सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे सामना असला की गावाएवढे गाव त्या खड्ड्यात उतरते. आणि खेळणारे कोण, तर विद्यार्थी. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत त्यांना जाहिरातीचे पैसे घ्यायचीसुद्धा परवानगी नव्हती. पगार घेणारा प्रशिक्षक. हे प्रशिक्षक जिम हार्बो, स्वतः याच विद्यापीठाचे जुने खेळाडू, २०१५ पासून संघ सांभाळत होते. शेजारच्या राज्यातली ओहायो स्टेट ही सख्खी वैरीण. तिच्यापुढे ते पाच वर्षे ओळीने हरले, सहाव्या वर्षी करोनामुळे सामनाच झाला नाही, आणि त्या वर्षी एकूण सहा सामन्यांत दोनच जिंकले. विद्यापीठाने त्यांचा पगार अर्ध्यावर आणला. बिग टेनचे विजेतेपद मिशिगनकडे शेवटचे आले होते ते २००४ साली, तेही आयोवा विद्यापीठाबरोबर वाटून.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला जड जात नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली की पेठेतल्या दुकानांची शटर अर्धी खाली येतात. ज्या तालमीत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो, त्याच तालमीतून पोरे बूट गळ्यात अडकवून निघतात. आमचे जावई त्या मातीतले. पेठ सुटली, वेड नाही सुटले. त्याने फक्त रंग बदलला.

२७ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी बारा. ओहायो स्टेटशी सामना. टीव्हीवर बर्फ पडताना दिसत होता आणि स्टेडियम गच्च भरलेले. मुलगी नववा महिना पोटाशी धरून सोफ्यावर, शेजारी तिची अम्मी तसबीह घेऊन, आणि खोलीच्या मध्यभागी हा शांत माणूस पिंजऱ्यातल्या वाघासारखा फेऱ्या मारतोय. मोज्यांवर. ते मोजे धुतलेले नव्हते, कारण आधीच्या सामन्यात तेच होते. हे काय आहे, असे आम्ही विचारले नाही. तोंडावर आले होते.

त्या दिवशी एकाच खेळाडूने पाच टचडाउन केले. हसन हॅस्किन्स त्याचे नाव. पहिल्यांदा समालोचकाच्या तोंडून ‘हसन’ आले तेव्हा मुलीच्या अम्मीची तसबीह थांबली. "आपला पोरगा आहे का हो?" आम्ही सांगितले की नुसत्या नावावरून सोयरीक लावू नये. तिने मनावर घेतले नाही. पाचव्या वेळी तो पट्ट्यात शिरला तेव्हा ती जावयांच्या आधी उठून उभी राहिली. मिशिगन ४२, ओहायो स्टेट २७. दहा वर्षांनी विजय मिळाला होता, पोरे कठडे ओलांडून बर्फात मैदानावर उतरली, आणि आमचे जावई जमिनीवर बसून तोंड झाकून हसत होते की रडत होते, कळेना. आता पुढच्या शनिवारी इंडियानापोलिस, समोर आयोवा, बिग टेनची अंतिम लढत. त्या अंतिम लढतीपर्यंत मिशिगन आजवर पोहोचलेच नव्हते.

रात्री मुलीला कळा सुरू झाल्या. रविवारी सकाळी नात झाली. वडिलांनी उजव्या कानात अजान दिली. मुलीची अम्मी आजही म्हणते, पोरगी मॅच संपायची वाट बघत होती, बापाची मुलगी.

रविवारी जन्म, म्हणजे सातवा दिवस शनिवार. शनिवारी अकीका. हिशेब इतका सरळ होता की कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. पण सोमवारी संध्याकाळी जावई आमच्याजवळ येऊन बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "अब्बा, सातव्या दिवशी नाही जमलं तर चौदाव्या दिवशीही चालतो ना अकीका?"

चालतो. ते आम्हालाही माहीत होते. पण का जमणार नाही, असे विचारल्यावर कळले की एका मित्राकडे इंडियानापोलिसचे जादा तिकीट आहे. गाडीने साडेचार तास. शनिवारी सकाळी जाऊन रविवारी परत.

आता आम्ही जे केले ते लिहायला फारसे बरे वाटत नाही. आम्ही भाषण दिले. बाळंतीण घरात, एका दिवसाचे बाळ, आणि बाप चेंडूमागे दुसऱ्या राज्यात! आमच्या वडिलांनी आमच्या अकीक्यासाठी काय काय केले तेही सांगितले, जणू आम्ही तेव्हा पाहत होतो. या सदरात खेळाच्या वेडावर जे लिहिले होते त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद आम्हाला तोंडपाठ निघाले. जावयांनी मान खाली घालून ऐकून घेतले. "बरं अब्बा," एवढेच म्हणाले आणि भांडी घासायला गेले. मुलगी रात्री आम्हाला म्हणाली, "अब्बा, ते सतरा वर्षांचे होते तेव्हा त्यांचे वालिद गेले. इथे एकटे आले. पहिल्या हिवाळ्यात ज्यांनी त्यांना जेवायला बोलावलं, ते सगळे या मॅचच्या निमित्तानेच भेटलेले लोक आहेत. तुम्ही चेंडू म्हणता." आम्ही झोपल्याचे सोंग घेतले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी ३० नोव्हेंबरला, दुपारी टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून काढलेले एका शाळेचे चित्र दिसू लागले. डेट्रॉइटच्या उत्तरेला ऑक्सफर्ड नावाचे गाव आहे, तिथले हायस्कूल. पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने बंदूक आणून गोळ्या झाडल्या होत्या. बंदूक त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतलेली. चार मुले गेली. एक चौदा वर्षांचे, एक सोळा, दोन सतरा वर्षांची. सात जण जखमी झाले, त्यात एक शिक्षिका. आई-बाप एका दुकानाच्या आवारात मुलांची वाट बघत उभे होते आणि मुले एकेक करून त्यांना मिळत होती. ज्यांची मिळत नव्हती ते तसेच उभे.

जावई कामावरून लवकर आले. बूट न काढता आत आले, जे त्या घरात कधी होत नाही. पाळण्यातून मुलीला उचलले आणि खिडकीपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते. मग फोन काढून मित्राला कळवले की तिकीट दुसऱ्या कुणाला दे. आमच्याकडे बघितलेसुद्धा नाही. आमच्या भाषणाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, आणि ते आम्हाला भाषण मानले गेले असते त्याहून जास्त लागले.

शनिवारी अकीका झाला. मुलीचा म्हणून एक बकरा. त्याची व्यवस्था डिअरबॉर्नला. हे गाव फोर्डचे. गाड्यांच्या कारखान्यासाठी शंभर वर्षांपूर्वीपासून लेबनॉन, येमेनकडचे लोक इथे येऊन वसले. खाटकाच्या दुकानावरची पाटी अरबीत, पलीकडे बेकरी, आणि मोठी मशीद अशी की अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या मशिदींत तिची गणना होते. आधीच्या महिन्याच्या सुरुवातीलाच या गावाने आपला पहिला मुस्लिम महापौर निवडला होता, त्याचे फलक अजून काही अंगणांत होते. जावळ काढले, वजनाइतक्या चांदीचे पैसे सदक्यात दिले. सासूबाईंनी त्या परक्या स्वयंपाकघरात तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से केले. खसखस कुठून आणली ते विचारू नका.

पाहुणे मोजकेच, करोना होताच. त्यात जावयांचे एक सहकारी होते, लेबनॉनी वंशाचे, जन्म डिअरबॉर्नचा. त्यांनी पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या संपवल्या आणि मग सांगू लागले. डिअरबॉर्नला फोर्डसन नावाचे सरकारी हायस्कूल आहे, त्यात बहुतेक मुले अरब मुस्लिम. हे तिथे फुटबॉल खेळत. २०१० साली रमजान ऑगस्टात आला, म्हणजे मोसमाच्या ऐन तयारीच्या दिवसांत, दिवसही लांब. मुले रोजे सोडायला तयार नव्हती आणि खेळही. तेव्हा प्रशिक्षकांनी सराव रात्री अकराला सुरू करून पहाटे चारपर्यंत ठेवला. मैदानावर दिवे, मध्ये पाणी पिता येई, मग सहरी. या संघावर पुढच्या वर्षी एक माहितीपटही निघाला. "माझी आई," ते म्हणाले, "तुमच्यासारखीच म्हणायची की हे काय खूळ. पण डबा घेऊन तीच यायची." ‘तुमच्यासारखीच’ हे त्यांना कुणी सांगितले होते, देव जाणे. जावई पांढऱ्या रश्श्यात काहीतरी शोधत होते.

डिसेंबरात तिकडे मगरिब पाचच्या सुमारास. जेवणे झाली, इशाची जमात तळघरातच झाली, आणि आठ वाजता त्याच सतरंजीवर सगळे टीव्हीकडे तोंड करून बसले. सतरंजी तीच आणि दिशा वेगळी, ते आम्हाला थोडे खटकले, पण आम्ही काही बोललो नाही. आठवडाभरात आमचा बोलण्याचा कोटा संपला होता.

खेळाडू मैदानात आले तेव्हा कॅमेरा एकाच्या छातीजवळ गेला. निळ्या जर्सीवर एक छोटे कापडी चिन्ह शिवलेले होते. त्यात चार बदाम, दोन अक्षरे आणि ४२ हा आकडा. जावयांनी सांगितले. ऑक्सफर्डला गेलेल्या चार मुलांपैकी सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात होता. त्याच्या जर्सीचा नंबर ४२. चार बदाम म्हणजे चार मुले.

खोलीत कुणी काही बोलले नाही. वर बाळ रडले, तेवढाच आवाज.

सामना म्हणाल तर फारसा अटीतटीचा झाला नाही. ब्लेक कोरम नावाचा बुटकासा, ठासून भरलेला गडी चेंडू काखेत घेऊन ६७ यार्ड पळत सुटला, तो थेट पट्ट्यातच. जावई उडी मारून उठले आणि फोर्डसनवाल्यांच्या गळ्यात पडले. मग एक गंमत झाली. डॉनोवन एडवर्ड्स हा खरे तर चेंडू घेऊन पळणारा. त्याने पळता पळता थांबून चेंडू लांब फेकला आणि ७५ यार्डांचा टचडाउन झाला. आयोवावाले फसले, आम्हीही फसलो. मध्यंतराला १४-३. जाहिराती मात्र बघवत नव्हत्या; एक बिअरची, एक मोबाइलवरच्या सट्ट्याची. त्याच वर्षी मिशिगनमध्ये ऑनलाइन सट्टा सुरू झाला होता. तिथली पोरे सामन्यापेक्षा फोनकडे जास्त बघतात, असे पाहुणे म्हणाले. या एका बाबतीत आमचे जुने लेख अक्षरशः खरे आहेत आणि त्यातला शब्दही आम्ही बदलणार नाही.

तिसऱ्या क्वार्टरपर्यंत २१. चौथ्यात आयोवाचे पाय गेले. २८, मग ३५. हसन दोनदा पट्ट्यात शिरला आणि सासूबाई जिन्यावरून ओरडल्या, "आपला का?" आता जावई, फोर्डसनवाले, पलीकडचे एक हैदराबादी डॉक्टर, सगळे उभे. कुणाच्या हातात उशी, कुणाच्या हातात बाळाचा दुपट्टा, तो हवेत फिरतोय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा शाहू स्टेडियमचा कठडा आम्हाला आठवला आणि, खोटे कशाला बोला, आम्हीही उभे होतो.

मग शेवटचा टचडाउन झाला. एक्केचाळीस. लाथ बसली, चेंडू खांबांच्या मधून गेला आणि पडद्यावर आकडा बदलला. ४२.

त्यावर कुणी ओरडले नाही. जावई ज्या हाताने दुपट्टा फिरवत होते तो हात खाली आला. आमच्याकडे वळून म्हणाले, "अब्बा, बेचाळीस." आठ दिवसांपूर्वी ओहायोसमोरही बेचाळीसच झाले होते, पण तेव्हा तो नुसता आकडा होता, ते पोर तेव्हा जिवंत होते. मुद्दाम ठरवून कुणी एवढे गुण करू शकत नाही. योगायोग म्हणजे योगायोग, त्यातून आम्ही काही काढणार नाही. पण त्या तळघरात चार बापांचे डोळे भरून आले होते आणि त्यातला एक बाप सात दिवसांचा होता.

वेळ संपली, ४२-३. इंडियानापोलिसच्या मैदानावर छतातून रंगीत कागदांचा पाऊस पडू लागला. आमचे जावई तेव्हा हसले. मनापासून, दात दाखवून, शाळकरी पोरासारखे. पाहुण्यांना मिठ्या मारल्या, मित्रांना फोन झाले, अंगणात जाऊन त्या थंडीत पिवळा-निळा झेंडा दाराला लावला. पलीकडच्या घरातून कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, यांनी दोन्ही हात वर केले. मग आत येऊन हात धुतले आणि मुलीला घेतले. ज्या कानात अजान दिली होती त्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. आम्ही विचारले नाही. सासूबाई म्हणाल्या, "हळू, आत्ता झोपलीय ती."

पुढची हकिगत थोडक्यात. त्या विजेतेपदासाठी हार्बोंच्या करारात १० लाख डॉलरचा बोनस होता. करोनाच्या वर्षात विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या कर्मचाऱ्यांचे पगार कापले गेले होते. त्यांची भरपाई आपल्या बोनसमधून करा, असे त्यांनी सांगून टाकले. मोठ्या पगारवाल्याने केलेली ही गोष्ट आम्हाला त्या दिवशीच्या ४२ गुणांपेक्षा जास्त आवडली. वर्षाच्या शेवटच्या दिवशी हाच संघ मायामीजवळ जॉर्जियाकडून ३४-११ असा आडवा झाला. तोपर्यंत आम्ही परतलो होतो. जावयांच्या आवाजावरून फोनवरच कळले. जानेवारी २०२४ मध्ये मिशिगन साऱ्या देशात पहिले आले, तेव्हा नात दोन वर्षांची होती आणि झेंडा तिच्या हातात होता.

आणि त्याच २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या त्या मुलाच्या आईला आणि वडिलांना, दोघांनाही, सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची कैद झाली. घरात बंदूक आणली, ती नीट कुलूपबंद ठेवली नाही, पोराची अवस्था दिसत असून पाहिली नाही, म्हणून. आई-बापांवर असा खटला यापूर्वी त्या देशात झाला नव्हता. ती बातमी मुलीने आम्हाला पाठवली, सोबत एक ओळही लिहिली नाही.

नात यंदा बालवाडीत जाते. तिथे मुलांना दिवे घालवून भिंतीला टेकून, आवाज न करता बसायचे शिकवतात. ती व्हिडिओवर आम्हाला करून दाखवते. ओठांवर बोट ठेवते आणि खुदकन हसते, तिला तो लपंडाव वाटतो.

त्या रविवारचे एक सांगायचे राहिले. ज्याच्याकडे जादा तिकीट होते तो मित्र इंडियानापोलिसहून परतताना दुपारी घरी आला. बाळासाठी काही आणायला दुकाने उघडी नव्हती, असे म्हणून त्याने कोटाच्या खिशातून मूठभर पिवळे-निळे कागदाचे कपटे काढून टेबलावर ठेवले. मैदानावरून उचललेले. जावयांच्या सासूबाईंनी ते झाडून टाकले असतील असे आम्हाला वाटले होते. परवा केक कापल्यावर मुलीने कपाटातली डबी उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. आत बाळाचे पहिले झबले, दवाखान्यातली मनगटाची पट्टी, आणि ते कपटे. नातीने एक उचलला आणि फुंकर मारून उडवला.